रफ माझे, फेअर बिरप्पाचे

९ जुलै १९७३, सोमवार
यंदा टर्म ग्रँट होणार म्हणजे होणार. तिच्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. गेल्या वर्षी झाली नाही, त्यात माझा दोष नव्हता. मराठीची चार ट्यूटोरियल्स द्यायची होती, मी एक दिले. पण ते चारांच्या लांबीचे होते. जेऊरकर बाईंना लांबीचे वावडे. खाली लाल शाईत शेरा मारला: मुद्दा काय? मुद्दा शेवटच्या पानावर होता. तिथवर वाचायला रसिकता लागते.
आता टी.वाय. पुन्हा. मी अक्कलकोटहून निघतानाच वडिलांनी स्पष्ट केले आहे. यंदाही टर्म गेली तर परत यायचे आणि मठाच्या ऑफिसात अभिषेकाच्या पावत्या फाडत बसायचे. काका तिथून निवृत्त होणार आहेत. त्यांची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवली आहे. खुर्ची मी पाहिली आहे. तिच्यावर बसले की भिंत दिसते.
निश्चय: पहिले ट्यूटोरियल याच आठवड्यात.

१० जुलै
समास आखला. विषय: ‘नेमलेल्या कवितेतील एकटेपण’. उत्तम विषय.

१५ जुलै, रविवार
नवी खोली. साखर पेठ, घरमालकीण काशम्माच्या घराची माडी. खाली त्यांचे माग, दिवसभर खडखड. लेखकाला शांतता हवी, पण भाडे परवडते.
खोलीत आणखी दोघे. बिरप्पा, सांगोल्याकडचा, बी.एस्सी., केमिस्ट्री घेतले आहे. घरी मेंढरे. त्यांच्या घरात कॉलेजात आलेला हा पहिला. हिंदुराव, मोहोळकडचा, बी.कॉम. दोघेही फार कमी बोलतात. खेड्यातून आल्यामुळे बुजलेले असावेत. त्यांना बोलते करणे मी माझे कर्तव्य समजतो.
संध्याकाळी साहित्य म्हणजे काय, हे समजावून दिले. दोघेही पुस्तके पुढे धरून ऐकत होते. जेवणानंतर उरलेला भाग सांगितला.

१६ जुलै
काल राहिलेले सांगितले.

२३ जुलै, सोमवार
माझ्या आयुष्यातली महत्त्वाची घटना. संध्याकाळी शैलीवर बोलत होतो. मधेच बिरप्पाने विचारले, त्याचे केमिस्ट्रीचे जर्नल रफमध्ये लिहून देशील का? फेअर तो स्वतः करील, अक्षर त्याचेच लागते. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत म्हणे. लगेच हिंदुरावही म्हणाला की त्याचेही अहवाल असतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी हो म्हणेन की नाही, या धाकधुकीने असणार.
हो म्हणालो. भाषेवर प्रभुत्व असले की विषय कुठलाही चालतो. स्वयंपाक येणाऱ्या बाईला वांगे काय आणि दोडका काय.
ट्यूटोरियल पुढच्या आठवड्यात.

२८ जुलै
सायन्सवाल्यांचे इंग्रजी विचित्र. वॉज टेकन. वॉज हीटेड. वॉज फिल्टर्ड. घेतले कोणी? तापवले कोणी? काम करणारा माणूसच गायब. मी जिथे तिथे ‘बाय अवर बिरप्पा’ घातले. शिवाय रंग बदलतो त्या ठिकाणी लिहिले, ‘द सोल्यूशन, लाइक अ शाय ब्राइड, टर्न्ड पिंक.’ त्या जर्नलात आजवर एकही भावना नव्हती.
चार पानांचा एक प्रयोग झाला. बिरप्पाने वाचला. बराच वेळ पाहत राहिला. भारावला होता.

४ ऑगस्ट
बिरप्पाने निरोप आणला, सर म्हणाले की नवरी काढा. सरांचे लग्न झालेले नसावे.
हिंदुरावचा वर्ग गिरणी पाहायला गेला होता. अहवाल मी लिहिला. भोंग्यावर दोन पाने, चिमणीवर तीन, संध्याकाळी घरी परतणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांवर एक. उत्पादनाचे आकडे शेवटी घालायचे होते, पण त्यांनी लय बिघडली असती.

१९ ऑगस्ट, रविवार
दोघेही मन लावून अभ्यास करतात. मी मात्र त्यांच्या कामात बुडालेलो. सकाळी कॉलेज, दुपारी मेसमध्ये रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, संध्याकाळी केमिस्ट्री, रात्री कॉमर्स. माझे पहिले ट्यूटोरियल समासाच्या पुढे गेलेले नाही. समास मात्र सुंदर आहे.
आज एक दिवस लिहिणार नाही असे जाहीर केले. गप्पा मारू म्हटले. पंधरा मिनिटांत बिरप्पाने नवीन प्रयोग आणून पुढ्यात ठेवला. अर्जंट आहे म्हणाला. परोपकारी माणसाला सुट्टी नसते.

११ सप्टेंबर
बिरप्पाच्या सरांच्या मागण्या वाढत आहेत. आता म्हणे विशेषणे नकोत. ‘जॉयफुली’ नको. प्रयोगाच्या आधी वातावरणनिर्मिती नको. जे केले तेवढेच, जे दिसले तेवढेच. मी विचारले, आणि जे वाटले ते? बिरप्पाने डोके खाजवले आणि सांगितले की वाटलेले लिहीत नाहीत.
लिहिले तसे. जिवावर आले.

१७ ऑक्टोबर
पहिले सत्र संपत आले. जेऊरकर बाई जिन्यात भेटल्या. ट्यूटोरियल्स कुठे आहेत विचारले. मी म्हणालो, मनात पूर्ण आहेत. बाई म्हणाल्या की त्या तिथे तपासू शकत नाहीत.
अपमान गिळला. निश्चय: दिवाळीच्या सुट्टीत चारही.

८ नोव्हेंबर
सुट्टी संपली. अक्कलकोटला घरी लाडू होते, लिहिणे झाले नाही. काकांनी खुर्चीवर बसून पाहा म्हटले. बसलो. खरोखर भिंतच दिसते.

२ डिसेंबर, रविवार
आता मी अडकलो आहे हे मान्य करायला हवे. इकडे बिरप्पा, तिकडे हिंदुराव. नाही म्हणावे तर बिचाऱ्यांचे वर्ष जाते. खालून माग, वरून पत्रा, मधे मी. खिडकी उघडली तर समोरच्या घराची मोरी.
आज हिंदुरावला म्हटले, मला माझेही काही लिहायचे आहे. तो म्हणाला, लिही की, आम्ही काही बोलत नाही. म्हणून मी ट्यूटोरियलची रूपरेषा त्यांना तोंडी समजावून सांगू लागलो. दहा मिनिटांत हिंदुरावने ताळेबंद पुढे केला. त्याच्यावर टीप लिही म्हणाला.

१४ जानेवारी १९७४, सोमवार
गड्ड्याच्या जत्रेला वडील आले. गर्दीतून चालताना मी त्यांना सांगत होतो की सध्या एकाच वेळी तीन शाखांत लेखन चालू आहे. ते पाळण्यांकडे पाहत होते. मग विचारले, चारांपैकी किती झाली? मी म्हणालो, सुरुवात झाली आहे.
एवढेच बोलले, “फेब्रुवारीनंतर मी विचारणार नाही. घेऊन जाईन.”
ओरडले असते तर बरे झाले असते. रेवड्या घेऊन दिल्या आणि गेले. मला खरोखर भीती वाटते.

१५ जानेवारी
भीती गेली. वेळापत्रक केले.

२३ फेब्रुवारी, शनिवार
शेवटची तारीख सोमवार. बिरप्पाचे जर्नल सर्टिफाय झाले, हिंदुरावचे अहवाल गेले. माझ्यामुळे. आता माझे.
बसलो. पहिले वाक्य येईना. पूर्वी माझ्याकडे वाक्ये रांगेत उभी असत. आता लेखणी टेकवली की एकच शब्द येतो: उद्देश.

२४ फेब्रुवारी, रविवार
झाली. चारही. जसे आले तसे लिहिले, निवडायला वेळ नव्हता. पहिल्याची सुरुवात इथे उतरवून ठेवतो, पुढे अभ्यासकांना लागेल:
‘उद्देश: नेमलेल्या कवितेत एकटेपण आहे की नाही ते पाहणे. साहित्य: कविता एक. कृती: कविता तीन वेळा वाचली. निरीक्षण: पहिल्या कडव्यात दोन माणसे आहेत. दुसऱ्यात एक आहे. तिसऱ्यात फक्त दार आहे. अनुमान: एकटेपण आहे. ते ‘एकटा’ हा शब्द कुठेही न वापरता आणले आहे.’
एक पानही भरले नाही. तिसऱ्या ट्यूटोरियलमध्ये तर तक्ता आहे. हा समीक्षेतला नवा पंथ ठरणार. किंवा मी संपलो.

४ मार्च, सोमवार
बाईंनी बोलावले. चारही कागद पुढे ठेवले. म्हणाल्या, चांगली आहेत. खूपच चांगली आहेत. मी नम्रपणे मान खाली घातली.
मग म्हणाल्या, “यज्ञेश्वर, ही भाषा तुमची नाही. कोणाकडून लिहून घेतलीत?”
माझ्याकडून! ज्याने वर्षभर दुनियेचे लिहून दिले त्याला हा प्रश्न. ही भाषा कुठून आली ते सांगायचे तर जर्नलाचे सांगावे लागते. मग बिरप्पाचे सर्टिफिकेट रद्द. न सांगावे तर माझी टर्म जाते. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. नाव सांगा, नाहीतर टर्म ग्रँटच्या यादीत तुमचे नाव नसेल म्हणाल्या.

५ मार्च
निश्चय: गप्प राहणार. मित्रासाठी भविष्याची होळी. तशी बिरप्पाचे नाव घ्यायची हिंमतही नाही. त्याचा बाप एकदा खोलीवर आला होता. मुलाचे जर्नल हातात धरून उलटे-सुलटे पाहिले, पानांवरून हात फिरवला, परत दिले. ते डोळ्यांसमोर येते.
संध्याकाळी दोघांना सगळे सांगितले. काळजी करू नका, माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही. तुमचे वर्ष सुरक्षित आहे. ते माझ्या पाया पडतील की काय अशी भीती होती. हिंदुराव भिंतीकडे तोंड करून बसला. बिरप्पा भाकरी अर्धी टाकून उठला. कृतज्ञतेने माणसाची भूक जाते.

६ मार्च
ट्रंक आवरली. पावती लिहिण्याचा मनात सराव केला. नाव, गोत्र, तारीख. संपले.

८ मार्च, शुक्रवार
बाईंकडे गेलो. गप्प राहण्याची सगळी तयारी करून. बाईंच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. वरच्या कागदावर माझे अक्षर. ‘लाइक अ शाय ब्राइड.’
काल बिरप्पा येऊन गेला म्हणे. माझी सगळी रफ पाने घेऊन, जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत. शिवाय स्वतःचे जर्नल. बाईंनी दोन्ही माझ्यापुढे ठेवली. मी जर्नल उघडले. आतापर्यंत कधी उघडले नव्हते, फेअर कशाला पाहायचे? त्यात माझे एकही वाक्य नाही. पहिल्या प्रयोगापासून नाही. सगळे त्याने स्वतः लिहिले होते. साधे, सरळ, बिनचूक.
बाई म्हणाल्या, “जुलैत तुम्हांला लिहिता येत नव्हतं. आता येतं. मी दोन वर्षं शेरे मारले, त्यानं काही झालं नाही. त्या मुलानं कसं जमवलं, कोण जाणे.”
टर्म ग्रँट करते म्हणाल्या. मी आभार मानले का, आठवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बिरप्पाला विचारले. नको होते तर वर्षभर लिहून का घेतले? तो पंचाने पाठ पुसत राहिला. मी पुन्हा विचारले. एरवी आठवड्यात मिळून बोलतो तेवढे तो आज एका दमात बोलला.
“तू लिवत बसलास की आमचा आब्यास हुतो. बोलाय लागलास की न्हाय हुत. माझं रफ म्या कालिजातच करायचो. तुला सांगावं तर तू वाईट वाटून घेशील, आनि मग त्येच्यावर बोलशील.”
मी म्हणालो, खाली एवढे माग खडखडतात, त्यात अभ्यास होतो आणि माझ्या बोलण्यात होत नाही?
“मागाचं काय न्हाय रं. माग मधीच थांबून आमाला इचारत न्हाय, तुमचं मत काय म्हनून.”
हिंदुराव म्हणाला की कल्पना त्याची होती, बिरप्पाला बोल लावू नकोस. मग बिरप्पा म्हणाला, “पर तुझं तेवढं ऱ्हाऊन गेलं आमच्यापायी, ते चुकलं. म्हनून गेलो बाईकडं.”
आणि सरांचे काय? नवरी काढा, विशेषणे काढा? सर कधी काही बोललेच नव्हते. ते सगळे बिरप्पाचे होते. मला सांगताना स्वतःचे नाव घ्यायची त्याला लाज वाटत होती.
फार वाईट वाटले. कशाचे जास्त, ते लिहिता येत नाही.

११ मार्च, सोमवार
यादी लागली. नाव आहे, खालून तिसरे. वडिलांना कार्ड टाकले. दोन ओळींत. काकांच्या खुर्चीसाठी दुसरा कोणी पाहा म्हणून कळवले.
परीक्षेला महिना आहे. उद्यापासून कडक अभ्यास. आजपासूनच म्हणणार होतो, पण आजचा दिवस यादीत गेला.
संध्याकाळी खोलीवर आलो. यादीच्या फळ्यापुढे काय काय झाले ते सांगायला तोंड उघडले. दोघांनी ताबडतोब पुस्तके मिटली, मांडी घातली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. शुक्रवारपासून फार सभ्यपणे वागतात. बिरप्पाने तर मान डोलवायला आधीच सुरुवात केली होती. त्याच्या मांडीवरच्या पुस्तकात बोट होते, पान हरवू नये म्हणून.
मला बोलता येईना. काही नाही म्हटले. मग मीच विचारले, लिहायचे काही आहे का? कुठलाही विषय चालेल.
दोघांनी खरोखर विचार केला. हिंदुरावने पेटीसुद्धा उघडून पाहिली. काहीच उरले नव्हते, सगळे देऊन झाले होते.
म्हणून हेच लिहीत बसलो आहे. दोघांचा अभ्यास छान चालला आहे.