भिंतीवरून उतरवलेली माणसं

६ सप्टेंबर

घर! माझं! अख्खं! किल्ली हातात आली आणि मी आधी पोर्चवर उभी राहून नाचले. लार्कफील्डमध्ये आमच्यासारखे काळे लोक शोधूनही सापडायचे नाहीत, पण काय शांत गल्ली आहे यार! किचनचं सिंक एवढं मोठं की त्यात आंघोळ होईल. आई क्लीव्हलँडहून मक्याचा पाव आणि डबाभर पालेभाजी घेऊन आली आणि जिन्याच्या भिंतीवर तिने सगळं खानदान टांगलं. फौजी वर्दीतले आजोबा, चर्चच्या हॅटमधली मोठी मावशी, पदवीच्या झग्यातली मी. म्हणाली, आता कसं, भिंत बोलायला लागली.

शेजारचे म्हातारे मिस्टर विट्कम कुंपणाशी आले आणि मलाच विचारलं, मालकीणबाई कधी येणार राहायला? मी म्हटलं, तुमच्यासमोरच उभीये की! गडी टोमॅटोसारखा लाल झाला. ते गेल्यावर आई म्हणाली, डेसा, तुला झाडू हातात धरून बाहेर यायला कोणी सांगितलं होतं? पोट दुखेपर्यंत हसलो.

१४ सप्टेंबर

ठरलं! आई माझ्याकडे येणार. तिच्या गुडघ्यांना तिचे तीन जिने आता झेपत नाहीत. खाली तिच्यासाठी खोली आणि बाथरूम काढायचं, घरावर कर्ज घेऊन. त्यासाठी आज बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला. हसतमुख, गोड. फोटोंपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, परत फोटोंकडे. मग मात्र बस चुकत असल्यासारखा भराभर फिरला. बेसमेंट बघितलंच नाही.

२० सप्टेंबर

मी घेतलं त्याच्यापेक्षाही कमी किंमत लावली. कर्ज नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले.

आईला आश्चर्य नाही, उलट चिडली. म्हणे, एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही? आपल्यात काय करतात ठाऊक नाही? किंमत लावणारा यायच्या आधी फोटो उतरव, आपल्या केसांचं तेल लपव, आपल्या लोकांची पुस्तकं लपव आणि दारात एक गोरी उभी कर. तुझ्या मामाने केलं. आपल्या पास्टरने केलं, आणि तो तर देवाचा माणूस! मी म्हटलं, मी असलं काही करणार नाही.

पण शेवटी मेरेडिथला विचारलंच, माझ्या दारात उभी राहशील का? हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते, ती रिसेप्शनवर बसते, गोरीपान. ती तर एका पायावर तयार झाली. म्हणाली, अगं, फुकट करते, फक्त वाईन पाज.

२७ सप्टेंबर

आज नाटक झालं. आमचं खानदान खोक्यात घालून गाडीच्या डिकीत टाकलं. मेरेडिथने स्वतःची माणसं टांगली: मेलेली बदकं धरून उभा असलेला बाप, सोनेरी केसांची भावंडं. किंमत ठरवणारा या वेळी दुसरा होता. तो जाईपर्यंत मी लायब्ररीत बसून राहिले.

परत येऊन बेल वाजवली. तिने दार उघडलं, माझ्याच सपाता घालून. विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी खो खो हसले. तीही हसली. जरा उशिरा.

३ ऑक्टोबर

किंमत जवळपास दुप्पट!! तीच भिंत, तेच छप्पर! कर्ज पास, सोमवारी मिस्त्री येतोय. आई फोनवर म्हणाली, बघ, काळेपणा काढला की घर कसं उजळतं. मी हसले आणि ताट बाजूला सारलं.

फोटो परत लावले. मिस्टर विट्कम सफरचंदाचा केक घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मालकीणबाईंना द्या हं.

१९ ऑक्टोबर

सकाळी जिना उतरत होते. खिळे तेच, चौकटी त्याच. आजोबांची वर्दीही तीच. वर्दीच्या आत मेरेडिथचा बाप.

पदवीच्या झग्यात ती.

थट्टा असेल. पण ती कामावर आलीच नाही. फोन केला तर म्हणते, कुठले फोटो? मागे नळ वाहत होता. माझा नळ. बंद होताना शिट्टी मारतो, तसाच तो—

२२ ऑक्टोबर

किल्ली लागत नाही.

मेरेडिथने दार उघडलं. किती प्रेमाने बोलली. अगं, आज तुझा साफसफाईचा वार नाही ना? तिच्या डोळ्यांत खोटेपणा शोधला. नव्हता. तिला खरंच तसं वाटतंय. बँकेत गेले. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, घरमालकिणीचं पत्र आणा. माझं ओळखपत्र तिच्यासमोर होतं. तिने बघितलंच नाही. हॉस्पिटलात सगळ्या म्हणतात, मेरेडिथचं घर काय सुंदर आहे, तू सामान लावायला मदत केलीस ना?

२ नोव्हेंबर

गाडीतच राहते. डिकीतलं खोकं उघडलं. तळाशी मोठ्या मावशीचा एक जादा फोटो राहिला होता. हॅट आहे. हॅटखाली चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा कागद.

बोट फिरवलं. गुळगुळीत.

१४ नोव्हेंबर

आईची खोली तयार झाली. खिडकीतून दिसते. निळे पडदे. तिला निळा आवडतो, हे मी मिस्त्रीला सांगितलं होतं.

आईला फोन केला. येऊ नकोस, इथे पाऊल टाकू नकोस. ती म्हणाली, कोण बोलतंय, मॅडम?

१६ नोव्हेंबर

आई आली. बॅग घेऊन. मी धावले, हाक मारली. तिने माझ्या अंगावरून नजर फिरवली, जशी पायपुसण्यावरून— आणि पुढच्या दाराने नाही, वळसा घालून मागच्या दाराने गेली. मेरेडिथ तिला सांगत होती, खोली मिळेल, जेवणखाण मिळेल, रविवारी चर्चला जायला सुट्टी. आई म्हणत होती, देव तुमचं भलं करो, मॅडम.

१७ नोव्हेंबर

किचनची खिडकी उघडी. आई गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. विव्हळतेय आणि पुसतेय. मी म्हटलं, आई, उठ. मी डेसा. लहानपणी तू मला—

ती घाबरली. मला घाबरली. पोलिसांना फोन लावला.

ऐकू येतंय सगळं. हो साहेब, खिडकीशीच उभीये. नाही, ओळखत नाही. लवकर या, मॅडम घरात एकट्या आहेत.

मग तिकडून काहीतरी विचारलं असणार.

हो, काळीच आहे.

गाडीत बसलेय. दारं लावून. गाडी चालू करायला हात उठत नाही. ती आत आहे. तिला सोडून कुठे—

निळे दिवे. दोन गाड्या. हात दिसू देत म्हणतायत. हातात काय आहे ते टाक म्हणतायत. पेन आहे, हे ओरडून सांगते— आई पडदा बाजूला करून बघतेय— आई, सांग ना त्यांना, मी तुझी—