चुळीचं पाणी

शुक्रवार, रमजान. हातखंबा

तिठ्यावरच्या मशिदीत नमाजाआधी वजू करताना, हात-तोंड धुताना, शेजारी हायस्कूलची दोन पोरं होती. एकाने चूळ भरली. दुसरा म्हणाला, "गीळ की! कोण बघतंय?" पहिल्याला हसू फुटलं, पाणी सगळं माझ्या पँटीवर. पण गिळलं नाही त्याने.

गोव्याला जाणारा ट्रक मिळतोय, ड्रायव्हरही गप्पिष्ट... ते राहू दे. चूळ. शाळेच्या नळावर मीही थुंकूनच टाकायचो. मौलवींच्या धाकाने? छे. अम्मी कधी विचारायचीच नाही, रोजा आहे का म्हणून. संध्याकाळी रोजा सोडायला माझा खजूर तेवढा झाकून ठेवायची. मग कसं गिळणार? परमुलखात फिरतानाही अजून गिळवत नाही.

घरी फोन लावला, इथून जवळच, राजिवड्याला. धाकटी बहीण म्हणाली, "अम्मी अजून तुझा खजूर काढून ठेवते. मीच खाते मग."

"उद्याचा नको खाऊस," म्हणालो.