कळप सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मेंढ्या पाळण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे.

१. राहते घर, मागची विहीर आणि बँकेतील शिल्लक मुलाला मिळावी. तो ट्रक चालवतो, महिन्यातून आठ दिवस घरी असतो. मेंढ्यांचा वास त्याला लहानपणापासून सोसत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

२. लोकर कातरायच्या दोन्ही कातऱ्या धाकट्या भावाला द्याव्यात. त्यातली एक त्याचीच आहे. वीस वर्षांपूर्वी मागून आणली. तो विचारत राहिला, मी हरवली म्हणत राहिलो.

३. मेव्हण्याला काहीही देऊ नये. नऊ वर्षांपूर्वी त्याने मला बारा गाभण मेंढ्या विकल्या. त्याच्या कळपात आदल्या साली मेंढ्या गाभडल्या होत्या, दिवस भरण्याआधीच मेलेली कोकरे पडली होती, हे त्याने लपवले. मीही शहाणपणा केला नाही. नव्या मेंढ्या विईपर्यंत वेगळ्या ठेवायच्या, तर त्याच दिवशी कळपात सोडल्या. त्या साली तीन गाभडल्या. पुढच्या साली साठातल्या एकोणीस.

४. सबंध कळप, आजमितीस चौऱ्याऐंशी मेंढ्या व तीन मेंढे, तसेच मेंढवाडा आणि चाऱ्याची खोली सुनेला मिळावी. मुलाने त्यावर हक्क सांगू नये. मुलगा असताना सुनेला का, असे लोक विचारतील. त्याचे उत्तर लिहिताना मी तीन कागद फाडले.

एकोणीस गाभडल्या त्या साली जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मेलेले कोकरू आणि त्यामागून पडलेली वार तपासायला घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत येऊन त्यांनी मला मेंढवाड्याच्या दारात सगळे समजावले. हा रोग आहे, माणसालाही बाधतो. गाभडलेली मेंढी बाजूला काढा, वार खोल पुरून वर चुना टाका, हातमोजे घाला. निघताना गाडीचे दार धरून म्हणाल्या, "घरात कोणी गरोदर असेल तर तिला इकडे फिरकूही देऊ नका."

सुनेला तेव्हा पाचवा महिना होता.

मी मान हलवली आणि घरात कोणाला काही बोललो नाही. माझी कंबर धरली होती, मुलगा गाडीवर होता आणि मेंढ्या थांबायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला हाक मारली. तिने उघड्या हातांनी दोन मेलेली कोकरे ओढून काढली.

पंधरा दिवसांनी तिला ताप भरला. बाळ गेले. मुलगी होती. पुढे तिला मूल झाले नाही. तिच्या माहेरच्यांनी विचारले तेव्हा मी नशीब म्हणालो. शेजारी तिच्या पायगुणाबद्दल बोलले तेव्हा गप्प राहिलो. आठ वर्षे मी तिच्या हातचे जेवलो.

५. कळप सुनेने सावरला. मेंढे सोडण्याआधी लस, गाभण मेंढ्यांमागे कुत्रा घालायचा नाही, बुरशी धरलेला चारा फेकून द्यायचा, ही शिस्त तिची. दुसऱ्या साली सात गाभडल्या, मग दोन, गेल्या साली एकही नाही. पुढे कळप ज्याच्या हाती जाईल त्याने ही शिस्त मोडू नये.

६. मुलाला हे सारे या कागदावरूनच कळेल. त्याने मला काय म्हणायचे ते म्हणावे, तिला विचारत बसू नये.

७. मेल्यावर माफी मागणे सोपे असते, म्हणून काल दुपारी हा कागद मी सुनेला वाचून दाखवला. ती लोकरीतले काटे वेचत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, बाळ गेल्यावर त्याच उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी मला सगळे सांगितले होते. मग इतकी वर्षे बोलली का नाहीस, असे मी विचारले.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते, मामंजी."

कळप घेते म्हणाली. ती मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली. तेवढा मजकूर आज सकाळी वाढवून, सर्व पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण : राहते घर
दिनांक : १२ जानेवारी

सही : मृत्युपत्र करणारा

साक्षीदार :
१. जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारचा सुतार (सही)