चर्चचा आवाज आणि माझा शांत स्वभाव

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून चर्चच्या लाइव्हचा आवाज माझ्याकडे. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण बघेल? मी उभा राहिलो. शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं ग्राइंडिंग केलंय, आवाज काय असतो ते आम्हाला विचारा! खरं कारण वेगळं. आमची क्रांती मस्कतला नर्स आहे, दोन वर्षं सुट्टी नाही. २ नोव्हेंबरला, कापणीच्या सणाला, माझी बायको संयोगिता एकटीनं गीत म्हणणार. आईचा शब्द न् शब्द पोरीला ऐकू जाईल, असं वचन दिलंय.
आज आवाज फारच बारीक होता. मिक्सरची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
क्रांतीचा मेसेज. पप्पा, नुसता खरखराट, कान फुटायची वेळ आली. तिचा मोबाइलच स्वस्तातला आहे.
संकल्प: चिडायचं नाही. मी मुळात शांत माणूस.

१२ ऑक्टोबर
दोष सापडला. पंखा! बंद करा म्हटलं तर ऐंशी वर्षांच्या बयाबाईंना उकडतं. स्टुलावर चढून मोटरवर हातोड्याचे दोन घाव घातले. पंखा मेला. एक पातं निखळून दानपेटीवर पडलं, काच फुटली. बयाबाई मला काहीतरी लागट बोलल्या असाव्यात, तोंड हलत होतं. हल्ली चर्चमध्ये सगळेच पुटपुटतात. धड बोलायला काय होतं?

१५ ऑक्टोबर
आवाज भिंतींवर आपटून घुमतो, असं वाचलं. घरोघरच्या बारा वाकळा-गोधड्या भिंतींना ठोकल्या. तेराव्या खिळ्याला अंगठा ठेचला. हातोडा भिरकावला, तो खिडकीतून पाळकसाहेबांच्या स्कूटरवर. माणूस मेला नाही, मग बोभाटा कशाला?

१९ ऑक्टोबर
संदेशाचा विषय: शत्रूवर प्रीती. ढोलकीवाला गुंडू मधेच उठून आला, म्हणाला, बटणं खाली घ्या. मी ढोलकीवर लाथ घातली. चामड्याचं पान फाटलं. तो म्हणाला, साउंड बरा हाय, तुमास्नीच ऐकू येत न्हाय आण्णा, कानाचा डॉक्टर गाठा की. हे मात्र तो ओरडून म्हणाला. मी माइकच्या वायरीनं त्याला दोन ओढल्या. त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. मग मी स्टँड उचलला. पाळकसाहेब मधे पडले, त्यांचा चष्मा गेला.
लाइव्ह चालूच होता. एरवी तीस माणसं बघतात, आज चारशे बारा.

२१ ऑक्टोबर
गुंडूच्या चापटीनं कान गेला. पोलीस केस ठोकणार. पुराव्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हेडफोन घालून बसवलं, आवाज आला की बटण दाबा. आलाच नाही. मशीन बंद आहे म्हणून टेबलावर बुक्की हाणली. त्यांनी कागदावर लिहिलं: दोन्ही कान, दहा-बारा वर्षांचं जुनं. काम कुठं करत होता?
गुंडूनं एकाच कानावर मारली होती. केस बसत नाही.
संयोगिताला सांगितलं. तिला माहीत होतं. म्हणाली, दहा वर्षं मी उगाच का वरडून बोलतोय व्हय?
मला वाटायचं, ती भांडखोर आहे.

२६ ऑक्टोबर
कानाचं यंत्र घेणार नाही. ते म्हातारे घालतात.
पाळकसाहेब घरी आले. चिठ्ठी दिली: यापुढं मिक्सर गुंडू बघेल. ढोलकी फुटल्यामुळं तो मोकळाच आहे. मी अजिबात चिडलो नाही. फक्त दाराची कडी निघाली.

२ नोव्हेंबर, दुपारी १२
घरीच थांबलो. मोबाइलवर लाइव्ह लावला. संयोगिता नव्या साडीत उभी राहिली, ओठ हलायला लागले. मोबाइल उजव्या कानाला लावला. मग डाव्या. आपटणारच होतो, पण आपटला असता तर ती दिसली नसती.
लाइव्हखाली मेसेज टाकला: आवाज वाढवा. गुंडूनं लगेच लिहिलं, वाढिवला, आण्णा.
खाली क्रांतीचा मेसेज आला. आई, शब्द न् शब्द ऐकला, वॉर्डात उभी राहून रडतेय.
मी बघत बसलो. गीत कधी संपलं ते कळलं नाही. ती खाली बसली तेव्हा कळलं.