एक ओळ सैल

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा जेवताना फळ्या! माझ्या मुलाला, गुरुदत्तला, बर्फावरून घसरायला नव्या स्कीज घ्यायच्यात. इथे डेन्व्हरला सगळ्यांच्या गॅरेजात असतात म्हणे, भाड्याच्या किती दिवस वापरायच्या. अरुंद घेतल्या तर कडक बर्फावर छान, रुंद घेतल्या तर भुसभुशीत बर्फात छान — आणि ह्याला एकाच जोडीत सगळा डोंगर हवाय. मी म्हटलं, लग्नात मिरवायची आणि भांडी घासतानाही नेसायची अशी साडी मी साठ वर्षं शोधतेय, मिळाली तर मलाही सांग. नात, अनया, हसली. सून, उत्तरा, हसली नाही.

उत्तराचं बरोबर आहे. गेल्या जानेवारीत तो पडला, पायातली फळी सुटलीच नाही, गुडघा पिळून फाटला. ऑपरेशन, चार महिने काठी. पुन्हा फाटला तर धड चालणं अवघड, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

माझं बोलणं लिहून घ्यायला अनयाने ह्या फोनला शिकवलंय. मला अक्षर येत नाही, फोनला चव कळत नाही. जमतं आमचं.

६ डिसेंबर, शनिवार

दुकानात मलाही नेलं. फळीला मधोमध बाक असतो. दाबला की बसतो, सोडला की उठतो. सगळ्या दाबून पाहिल्या. एक जोडी लगेच लोळली, एक वाकेचना — गुरुदत्तला नेमकी तीच हवी होती! तिसरी हाताला उत्तर देत होती. दुकानातली बाई म्हणाली, आजींनी बरोबर पकडलं, ही मधली, कंबर म्हणजे मधली रुंदी शहाण्णव मिलिमीटर, सगळीकडे चालेल. घेतली.

मग बूट धरून ठेवणाऱ्या चापाचा फॉर्म. अनया वाचत होती, तो सांगत होता. वजन. उंची. खेळतोस कसा — एक म्हणजे जपून, तीन म्हणजे बेफाम; एक, दोन की तीन?

"थ्री."

"डॅड, यू आर अ टू. ऑन अ गुड डे."

दोन लिहिलं. वय — एकोणपन्नास. बाई म्हणाली, पन्नाशी झाली की तक्त्यातली ओळ बदलते, चाप सैल लावतो. का, मी अनयाला विचारलं. तर म्हणे, म्हातारी हाडं ना आजी, पडल्यावर फळी लवकर सुटायला हवी, नाहीतर पाय पिळतो.

मला घाम फुटला. हीटर फार आहे म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार

तो एकोणपन्नास नाही. एक्कावन्न आहे.

कागदावर एक जून आहे. तो गुरुजींचा एक जून — गावातली निम्मी पोरं त्याच दिवशी जन्मली! माझा श्रावणात झाला, आणि दोन वर्षं आधी. ह्याचे वडील गेले तेव्हा हा सहाचा, शाळेत घालायचा. धाकटी नैना पाळण्यात. मी लोकांच्या बागेत कामाला जायचे, नैनाला कोण बघणार? ह्याने बघितलं. दोन वर्षं. मग शाळेत नेलं, गुरुजींनी वय विचारलं. आठ म्हटलं असतं तर आजवर काय करत होतात, म्हणाले असते. मी म्हटलं, सहा.

पुढे सगळं त्या सहावर उभं राहिलं. नोकरी, पासपोर्ट, अमेरिका.

गेल्या जानेवारीत भाड्याच्या दुकानातही अठ्ठेचाळीसच सांगितलं असणार. तेव्हा तो पन्नास होता. म्हणजे तो गुडघा —

हे लिहू नकोस रे. लिहिलंस? राहू दे मग.

९ डिसेंबर

आज सांगणार होते. त्याने चहा करून आणला, आलंही घातलं होतं. राहून गेलं.

११ डिसेंबर, गुरुवार

शनिवारी डोंगर ठरला. उत्तरा जूनमधल्या पन्नाशीसाठी हॉल बघतेय. मला विचारते, आई, लहानपणी कसा होता हा? म्हटलं, मोठा होता. तिला विनोद वाटला.

मग त्याने आपली नेहमीची गोष्ट काढली — तो पोफळीच्या विरीवर, गळलेल्या झावळीच्या रुंद देठावर, बसलाय, वडील उतारावरून ओढतायत, मागे वळून हसतायत. घसरायचं वेड तिथलंच, म्हणतो. मीही नेहमीचं सांगितलं: स्वप्न असेल ते. वडील गेले तेव्हा तू चारचा, चारच्या पोराला काय आठवणार? घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

कागदाशी जुळवून बोलायची सवय झालीय जिभेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी तो गॅरेजात स्कीजना हात लावून उभा होता. सांगून टाकलं. गुरुजी, नैना, दोन वर्षं, चाप, सगळं एका दमात.

"खात्री आहे तुझी?"

"मी होते ना तिथे."

हसला नाही. "दोन वर्षं, आई?" एवढंच. स्कीज गाडीत घातल्या आणि गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आला. अनयाने कानात सांगितलं, चाप पुन्हा लावून आणलेत, फॉर्मवर एक्कावन्न. जेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आमटीत मीठ नव्हतं, तेही बोलला नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

अनयाला घेऊन पहाटे गेला. उत्तरा फोनकडे बघत होती, मी उत्तराकडे.

दोन वाजता अनयाचा फोन. बाबा पडला. चांगलाच. उत्तरा खाली बसली. फळी सुटून उताराने निघून गेली, हा वरच बर्फात बसून राहिला. गुडघा शाबूत.

उत्तरा रडली. मी भात लावला.

घरी आला. माझ्याशी अजून बोलत नाही.

१४ डिसेंबर

सकाळी माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला. मग म्हणाला, "आई, म्हणजे मी सहाचा होतो. विरी ओढताना वळून हसायचे, त्यांना पुढचा एक दात नव्हता ना?"

म्हटलं, नव्हता.