मुकादमाची फेरी

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

येऊन तीन आठवडे झाले, तुझ्या घरात सामान लावलं. तुझी खोली बंदच ठेवली आहे. माझी बदली तुझ्याच गावात व्हावी आणि तू मात्र कंबरेचं हाड मोडून लेकाकडे असावंस, हा योग काही बरा नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

काम नेहमीचंच. इमारतींतल्या लिफ्ट तपासायच्या. दोर, ब्रेक, दरवाजे. तेवढा वेळ लोक जिने चढतात आणि मला शिव्या देतात. मी सही करून निघते. ओळखी होत नाहीत, आणि मला त्या नकोही असतात.

कुत्र्याचं नाव मुकादम का ठेवलंस ते पहिल्याच सकाळी कळलं. मागच्या गल्लीत तो प्रत्येक दारापुढे थांबतो, आत डोकावतो आणि कोणी बाहेर आल्याशिवाय हलत नाही. लोक येतात, त्याची पाठ थोपटतात, माझ्याकडे बघतात. मी घड्याळाकडे बघते. आठवडाभर हे सोसलं, मग रस्ता बदलला. आता आम्ही कालव्याच्या काठाने सरळ जातो आणि सरळ परत येतो. तिथे झाडं आहेत, पाणी आहे, माणसं नाहीत. सुरुवातीला वळणावर तो बसकण मारायचा. आता मुकाट्याने येतो.

तब्येत सांभाळ. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नको.

तुझी भाची

१२ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण दुसरं काही वाचायला नव्हतं.

तुझ्या दादाचं घर नवव्या मजल्यावर. सकाळी तो आणि तुझी वहिनी कामाला गेले की मी आणि माझी चालायची चौकट. पलंगापासून खिडकीपर्यंत जाते, परत येते. खालची माणसं इतकी बारीक दिसतात की कोण तरणं, कोण म्हातारं, कळत नाही. वहिनी माझं सगळं करते, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण संध्याकाळी ती दमून येते. तिच्याशी बोलायला जावं, तर तिला ते आणखी एक काम.

मागची गल्ली सोडलीस ते वाचून जरा लागलं. असो, पाय तुझे आहेत. शिंप्याचा गुडघा कसा आहे? कंपाउंडरच्या बायकोने नवऱ्याशी बोलायला सुरुवात केली का? वर्षभर अबोला आहे. त्याला काही सांगायचं असलं की ती मुकादमाला मोठ्याने सांगते, आत त्याला ऐकू जावं म्हणून.

आता मुद्द्याचं. दादा म्हणतो, आई, ते घर सोडून दे, महिनाअखेर घरमालकाला कळवायचंय. त्याला माझी काळजी, मला घराची ओढ. दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही. तू समोरच्याचं तोंड बघून निकाल बदलत नाहीस. घर नीट बघ आणि सांग, मी तिथे एकटी राहू शकेन का? तू म्हणशील ते मी मानेन.

मुकादमाचे कान खाजव. माझी आठवण येते का त्याला, हे विचारणार नव्हते, पण विचारते.

तुझी आत्या

२० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घर तपासलं. जिन्याची एक पायरी दुसरीशी जुळत नाही. कठडा हलतो. न्हाणीघराची फरशी ओली झाली की मीच घसरते. दार मोजलं, तुझी चालायची चौकट तिरकी केल्याशिवाय आत जाणार नाही. तू पडलीस तर कोणाला कळणार? मी दिवसभर बाहेर असते, आणि माझी पुन्हा बदली होईलच.

विचारलंस म्हणून सांगते, नाही. एकटी राहू नकोस. तुला वाईट वाटेल, पण गोड बोलून तुला पाडायचं माझ्याच्याने होणार नाही.

मुकादमाला आठवण येते का, हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही.

राग धरू नकोस.

तुझी भाची

२९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे घाईने लिहिते आहे. कालव्याचा काठ खणून ठेवलाय, म्हणून आज मागच्या गल्लीतून गेले. मुकादमाने दोरी माझ्या हातातून हिसकली आणि थेट शिंप्याच्या दुकानात शिरला. शिंपी बाहेर आला, त्या गुडघ्यांवर खाली बसला आणि कुत्र्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. मला वाटलं, गुडघा दुखावला. मग कंपाउंडरच्या बायकोने माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटी फार हाल नाही ना झाले?"

आत्या, त्यांनी तुला मारून टाकलं होतं. तुला रुग्णवाहिकेतून नेलं ते सगळ्यांनी पाहिलं. मग कुत्र्याबरोबर कोणी एक अनोळखी बाई दिसायला लागली, ती कोणाशी बोलेना. मग कुत्राही यायचा बंद झाला. तुझी खिडकी तर उघडतच नव्हती. मला येऊन विचारायचा धीर कोणाला झाला नाही. माझा चेहराच तसा आहे म्हणे. शेवटी सगळे शिंप्याच्या दुकानात जमले, काम बंद ठेवलं आणि तुझ्याबद्दल बोलत बसले.

मी सांगितलं, ती जिवंत आहे, मुलाकडे आहे. मग शिंपी भिंतीला धरून उठला आणि म्हणाला, "अगं बये, तोंडाला कुलूप लावून फिरतेस ते फीर, किल्ली तरी कुत्र्याकडे द्यायचीस."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कधी येणार, कठडा कोण दुरुस्त करणार, डबा कोण देणार. मी म्हटलं, ती एकटी पडली तर कळणार कोणाला? शिंपी म्हणाला, "न कळायला काय झालं? फेरी चुकली की आम्ही माणूस मेलंच धरतो."

माझी तपासणी अर्धी होती. मी घर बघितलं, गल्ली बघितली नाही. दादाला इतक्यात काही कळवू नकोस.

तुझी भाची

५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं आधीचं पत्र आलं त्याच दिवशी मी दादाला वाचून दाखवलं होतं. त्याने लगेच मालकाला कळवलं. मार्चमध्ये तिथे दुसरं बिऱ्हाड येणार. मालक शब्द फिरवणार नाही, दादाने विचारून पाहिलं. तू दोष घेऊ नकोस. पायऱ्या तशाच आहेत, मला काय माहीत नाहीत?

मी मेले ते वाचून इतकी हसले की वहिनी हातातलं टाकून धावत आली. रडले ती गेल्यावर. शिंप्याने खरंच काम बंद ठेवलं? स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नाला त्याने ठेवलं नव्हतं. कोण काय बोललं ते सविस्तर लिही. आपल्यामागे काय बोलतात ते सहसा आपल्याला ऐकायला मिळत नाही.

इथे कुत्रा चालत नाही. मुकादमाला तुझ्याकडेच ठेव. आणि गल्ली टाळू नकोस.

तुझी आत्या

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून लिहिते. शिंपी म्हणाला, तुझ्यासाठी शिवलेला एकही कपडा तुला कधी पसंत पडला नाही, आणि आता चुका काढायला कोणी उरलं नाही. कंपाउंडर म्हणाला, तुझं औषध तूच त्याला समजावून सांगायचीस.

आता आम्ही रोज गल्लीतूनच जातो. प्रत्येक दारापुढे थांबतो. मला कामावर उशीर होतो आणि साहेब बोलतात. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोण कोणावर रुसलंय, हे मला ठाऊक असतं. आवडतं, असं म्हणायला हरकत नाही.

शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. जमिनीलगत, पायरी नाही. त्या मी भाड्याने घेतल्या. तुझी चौकट दारातून सरळ आत जाईल. इथेच राहू द्या, असा अर्ज साहेबांकडे केलाय. उत्तर आलेलं नाही. ते नाहीच आलं, तर काय करायचं ते मला माहीत नाही.

गल्लीतून परतल्यावर मी दार लावते. रविवारी ते दुसऱ्या सकाळपर्यंत उघडत नाही. कुत्रा झोपतो. मी बसून असते. इतकी वर्षं मला ते चालत होतं. आता चालत नाही.

तू आलीस तर मला बरं पडेल. दादाला हे पत्र वाचून दाखव, हा परिच्छेदसुद्धा.

पलंग खिडकीपाशी लावू की दारापाशी, तेवढं कळव.

तुझी भाची