डोंगरावरून गेलेले ७७९

६ ऑक्टोबर, दुपारी ३.१५
उद्यापासून मोजणी. ठिकाण जिंतूरपासून सात किलोमीटरवरचा डोंगर. इथे त्याला डोंगर म्हणतात. फोनच्या बॅरोमीटरप्रमाणे पायथ्यापासून ६४ मीटर. परभणी जिल्ह्यात एवढं पुरे.
पक्षी: भोवत्या. हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येणारा, घारीपेक्षा सडपातळ शिकारी पक्षी. नर राखाडी, मादी तपकिरी. इकडून ते कोणत्या वाटेनं दक्षिणेला जातात याची नोंद मला कुठेही सापडली नाही. ती मी करणार आणि ४ नोव्हेंबरपर्यंत अहवाल निवेदिता मॅडमना पाठवणार. मॅडम पुण्यात शिकारी पक्ष्यांचा एक प्रकल्प चालवतात. त्यांच्याकडे सहायकाची एक जागा आहे. ती मिळाली की जानेवारीत मी इथून बाहेर.
वेळापत्रक: ४.५० उठणे, ५.४० डोंगर, ६.०० ते १०.०० पहिलं सत्र, ४.०० ते ६.०० दुसरं. अलार्म तीन लावले आहेत. तिसरा केवळ पद्धत म्हणून.

७ ऑक्टोबर
उठले ९.२०. रात्री फॅनचा आवाज येत होता.
सकाळचं सत्र रद्द केलं. तसंही ऊन तापून गरम हवा वर चढल्याशिवाय मोठे पक्षी उंच जात नाहीत, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. पहाटेची वेळ मी काल घाईत ठरवली होती.
संध्याकाळी ४.५५ ते ५.५८: भोवत्या १७. सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडे. पहिल्याच दिवशी स्पष्ट दिशा.

८ ऑक्टोबर
उठले ९.४०. आई म्हणाली, मोबाईल अर्धा तास बोंबलत होता, सगळी गल्ली उठली अन् तू न्हाईस. तिला सांगितलं की सत्राची वेळ बदललेली आहे. ती म्हणाली, मग अलार्मची बी बदल.
संध्याकाळी २२.

९ ऑक्टोबर
२६. आकडा वाढतो आहे. लाट यायला लागली.
पद्धत पक्की केली. तोंड उत्तरेला. पक्षी डोक्यावरून मागे गेला की नोंद पूर्ण. मागे वळून बघायचं नाही, पुढचा सुटतो.

११ ऑक्टोबर
दुपारी डोकं जड होतं. गेले नाही.
बाबांनी विचारलं, हे पाखरांचं किती दिवस चालायचंय. ते शाळेत हेडमास्तर होते, प्रश्न अजून हजेरी घेतल्यासारखा विचारतात. म्हटलं, सीझन संपेपर्यंत. ते म्हणाले, बरं. पेपर उघडला.
इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. पुण्यातली इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी एप्रिलमध्ये गेली. माझ्यासह चाळीस जणांची. ठरलेलं लग्न मुकुलनं मे महिन्यात मोडलं. दोन घटनांचा परस्परसंबंध मी तपासलेला नाही. झोप, भूक, काम, सर्व नॉर्मल.

१४ ऑक्टोबर
२९. त्यात एका नराच्या डाव्या पंखात एक मोठं पीस कमी. उडताना फट स्पष्ट दिसते.
डोंगरावर रोज एक बकरीवाला असतो. रंगनाथ. वय साठच्या आत. मी त्याला मामा म्हणते, तो मला ताई. आज त्यानं विचारलं, ताई, रोज इथं बसून काय लिहायलाव? म्हटलं, पक्षी मोजते. तो म्हणाला, सरकार करायलंय का? म्हटलं, नाही, मी. तो म्हणाला, असं असं. मग लांब जाऊन बसला. बहुधा मोजणीत अडथळा नको म्हणून.

१५ ऑक्टोबर
२८. डाव्या पंखात पीस नसलेला आणखी एक नर.

१६ ऑक्टोबर
उठले १०.०५. अलार्म दुसऱ्या कंपनीचा बसवणार आहे. हा विश्वासार्ह नाही.
२९.

१८ ऑक्टोबर
३०. डाव्या पंखात पीस नसलेला तिसरा. इकडून जाणाऱ्या थव्यांचं हे वैशिष्ट्य असावं. अहवालात स्वतंत्र परिच्छेद.

२० आणि २१ ऑक्टोबर
दिवाळी. सत्र नाही. अभ्यंगस्नानासाठी आईनं पहाटे पाचला उठवलं. उठले. पण तो प्रयत्न आईचा होता, त्यामुळे धरत नाही. आंघोळ करून पुन्हा झोपले, ११ पर्यंत.
सेलूची आत्या फराळाला आली होती. विचारलं, काय करतीस सध्या? आई माझ्या आधी म्हणाली, रिसर्च. आत्यानं चकली मोडली आणि विचारलं, घरूनच का?

२४ ऑक्टोबर
२९, २८, २९. गेल्या दहा सत्रांच्या प्रमाण विचलनाचा आकडा काढला: ०.८. एवढी कमी तफावत जिवंत प्राण्यांत सहसा मिळत नाही. कंपनीत एवढं स्थिर रीडिंग आलं असतं तर आम्ही सेन्सर अडकला का ते आधी बघितलं असतं. इथे सेन्सर मी आहे. मी अडकलेली नाही.

२७ ऑक्टोबर
पाऊस. वेचणीला आलेला कापूस भिजला म्हणून खाली शेतात लोक ताडपत्र्या ओढत होते. मी घरीच होते, गच्चीवरून पाहिलं. बरंच लांबचं दिसतं आमच्या गच्चीवरून.

३० ऑक्टोबर
२९. आईनं स्थळ आणलं आहे, परभणीचं, बँकेत. ते लोक डिसेंबरमध्ये बघायला येतील म्हणे. म्हटलं, जानेवारीत मी इथे नसेन. ती म्हणाली, डिसेंबरात तर असशील.

३ नोव्हेंबर
मोजणी पूर्ण. २४ दिवस, एकूण ६६८. सरासरी २७.८३. न गेलेले चार दिवस सरासरीनं भरले. बेरीज ७७९.३३. दशांश सोडला.
डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोमीटरचा पट्टा धरला तर किमान साडेतीन हजार. पण ते कंसात दिलं आहे. अतिशयोक्ती मला आवडत नाही.

४ नोव्हेंबर, दुपारी १२.१०
अहवाल पाठवला. १४ पानं, ६ आलेख. शीर्षकात ‘नवा स्थलांतर-मार्ग’ हे शब्द.

५ नोव्हेंबर
निवेदिता मॅडमचा फोन. आवाज कोरडा, पण खूष वाटल्या. म्हणाल्या, इतकं सातत्य मी पाहिलेलं नाही, हे खरं असेल तर मुलाखत ही नुसती औपचारिकता. आणि म्हणाल्या, १५ तारखेला मी नांदेडला जाते आहे, वाटेत उतरते, उजाडताना डोंगरावर भेटू. म्हटलं, हो मॅडम, मी तिथेच असते.
वाक्य थोडं पुढच्या तारखेचं होतं. दहा दिवस आहेत. उद्यापासून ४.५०.

६ नोव्हेंबर
उठले ९.३०.
संध्याकाळी सवयीनं गेले. रंगनाथमामा शेजारी येऊन बसला. म्हणाला, ताई, किती झाले मग? म्हटलं, सातशे एकोणऐंशी. तो म्हणाला, एवढे? अन् हायत कुठं? म्हटलं, दक्षिणेला गेले. तो म्हणाला, कशाचे जातेत. ह्या डोंगराच्या पल्याड गायरान हाय, तिथं गवतात झोपतेत ते. दिस उगवला की परत ह्याच वाटेनं शेताकडं, टोळ खायाला. दिस बुडाला की झोपायला. माह्या बकऱ्यावानीच.
मी वहीतली बेरीज पुन्हा पाहिली. तो म्हणाला, माह्या बकऱ्या सव्वीस. तुमच्या हिशेबानं म्हणलं तर महिन्यात आठशेच्या जवळ झाल्या की. अन् हसला. वाईट हसला नाही.
विश्लेषण: एका माणसाचं तोंडी विधान. पडताळणी आवश्यक. पडताळणीसाठी एक पहाट पुरेल.

७ नोव्हेंबर
उठले ९.१५.

८ नोव्हेंबर
उठले ९.५०. पडताळणी संध्याकाळीही करता आली असती. पक्षी मागे गेला की वळून पलीकडे उतरायचं, दीडशे पावलं. पण उतार बाभळीचा आहे आणि माझे बूट त्यासाठी नाहीत.
संध्याकाळी तोंड उत्तरेलाच ठेवलं. २९.

१० नोव्हेंबर
मॅडमना मेल लिहायला घेतला. पहिला मसुदा: अहवालात एक किरकोळ दुरुस्ती आहे. दुसरा: काही पक्षी एकाहून अधिक वेळा मोजले गेले असण्याची शक्यता आहे. तिसरा एका ओळीचा होता. तिन्ही ड्राफ्टमध्ये आहेत.
‘गेलेले पक्षी’ ही संज्ञा तशीही चुकीची नाही. ते गेले. ७७९ वेळा एक भोवत्या माझ्या डोक्यावरून गेला. यातला एकही शब्द खोटा नाही.

१२ नोव्हेंबर
रंगनाथमामानं विचारलं, पुण्याच्या बाईला सांगितलं का? म्हटलं, प्रत्यक्ष भेटीतच सांगणं बरं. तो म्हणाला, तुमी शिकलेल्या, तुमाला कळतंय. मग बकऱ्यांना ओरडला. बकऱ्यांनी काही केलेलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००
उद्याची तयारी: दुर्बीण पुसली. अहवालाची छापील प्रत. पाच अलार्म. आईला पाचला हाक मारायला सांगितली. स्कूटीत पेट्रोल. पहाटे मॅडम यायच्या आधी पोचायचं, खात्री करायची, आणि त्या गाडीतून उतरल्या की स्वतः सांगायचं. आधी मी सांगितलं तर ती दुरुस्ती. त्यांनी विचारल्यावर सांगितलं तर कबुली. फरक मोठा आहे. साडेआठला झोपते.

१५ नोव्हेंबर
उठले ९.४०. मिस्ड कॉल सात.
आई म्हणाली, तीनदा हाक मारली, तिन्ही वेळेस हो म्हणलीस, एकदा तर उठून बी बसलीस. माझ्याकडे याची नोंद नाही.
डोंगरावर १०.३५. मॅडम आणि रंगनाथमामा कडुनिंबाखाली बसले होते. मॅडमच्या हातात त्याची भाकरी आणि ठेचा. डोळ्यांत पाणी, ठेच्यामुळे. मला बघून मामा उठला आणि बकऱ्यांकडे गेला.
मॅडम म्हणाल्या, सहा बारा ते सहा चाळीस, एकतीस भोवत्या, सगळे दक्षिणेकडून उत्तरेकडे. मग मामांनी खाली नेलं, गवतात बसायच्या जागा दाखवल्या. एकेक जागा दाबलेली, ताटाएवढी. सुंदर मुक्काम आहे. तुमच्या पाचव्या परिच्छेदातला पीस नसलेला नर तर मामा लांबून ओळखतात.
मी छापील प्रत पिशवीत ठेवली.
त्यांनी विचारलं, महिनाभरात किती सकाळी आलात? म्हटलं, शून्य. माझा हा एकच आकडा त्यांनी तपासायला मागितला नाही.
मग विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? अजूनही, आत्ताच, असं म्हणता आलं असतं. मामा पाठमोरा होता, पण ऐकत होता. म्हटलं, सहा तारखेला.
त्या म्हणाल्या, नऊ दिवस. आवाज फोनवर होता तसाच. म्हणाल्या, चूक कोणाचीही होते, मोजणीत तर होतेच. नऊ दिवसांचं मला काही करता येत नाही.
जागेबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मग त्यांनी नवा फॉर्म काढला. इथल्या मुक्कामाची हिवाळाभर रोज मोजणी हवी आहे, सकाळ आणि संध्याकाळ. निरीक्षक म्हणून रंगनाथमामाचं नाव लिहिलं, तो तसाही दोन्ही वेळा तिथे असतो. मामा म्हणाला, मला ते कम्प्युटर जमायचं न्हाई. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तुमच्या नोंदी मात्र नीट असतात. वारा, ढग, वेळ, सगळं. हे भराल का?
म्हटलं, भरेन.
काही वाटलं का ते पाहिलं. विशेष नाही. ठेचा मलाही दिला. तिखट होता.

१६ नोव्हेंबर
उठले १०.१०. आईला सांगितलं की जागेचं नाही झालं. ती म्हणाली, बरं. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला. परभणीचं काही बोलली नाही. बाबांनी पेपर अर्धा करून मला दिला, नोकऱ्यांचं पान नसलेला.

१७ नोव्हेंबर
एक्सेल शीट तयार केली. रकाने: तारीख, सकाळ, संध्याकाळ, वारा, शेरा, निरीक्षक, नोंद करणारी व्यक्ती. मामा रोज पाखरं उठून गेली की लगेच फोन करणार, कारण नंतर आकडा त्याच्या लक्षात राहत नाही. सांगून ठेवलं आहे की मी त्या वेळी जागीच असते.

१८ नोव्हेंबर
६.४१ ला फोन. मामा म्हणाला, ताई, उठलाव का? म्हटलं, कधीची. तो म्हणाला, आवाज तर झोपल्यावानी यायलाय. म्हटलं, नेटवर्क. तो म्हणाला, आज तीस हायत, एक कमी, ध्यानात ठेवा. म्हटलं, ठेवते.
शीटमध्ये भरलं, १०.२५ ला.
सकाळ: ३०. किंवा ३१.